बंबखान्यातली रिकामी खुर्ची

१

करंजपेठेच्या जिनात आग लागली त्या रात्री बंब धडधाकट होता, टाकी काठोकाठ भरलेली होती, बंबावरची माणसं मैदानापलीकडच्या चाळीत झोपलेली होती आणि टेलिफोनही चालू होता. नव्हता तो फक्त टेलिफोन उचलणारा माणूस.

गावाबाहेर कापसाची जिनं आणि गावात बंबखाना, अशी तिथली मांडणी. जर्मनच्या लढाईत प्रत्येक जिनातून बंबखान्यापर्यंत तार ओढली होती. जिनात ठिणगी पडली की तिथून घंटी द्यायची. बंबखान्यातल्या फोनवाल्यानं कुठलं जिन ते ऐकायचं आणि अंगणातली मोठी घंटा बडवायची, की बंब निघालाच. सगळी भिस्त त्या एका खुर्चीवर. गुरुवारी रात्री ती खुर्ची रिकामी राहिली आणि नाल्यापलीकडच्या जिनात मुक्कामाला असलेल्या सहा कामकरी बायका जळून गेल्या. कापूस आतल्या आत धुमसतो. गावाला आभाळ लाल दिसलं तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीमंत नावाचा फोनवाला गाडीतून उतरला, तो स्टेशनावरच पकडला गेला. नव्या हुकुमाप्रमाणे रात्रपाळी त्याची होती असं सगळे एकमुखानं सांगत होते. मेलेल्या सहा बायकांत त्याची सख्खी बहीण नागूबाई होती.

हणमंतराव पूर्वी पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार, होते. पेन्शन घेऊन घरी बसले होते आणि पडवीत पानाला चुना लावण्यापलीकडे आता कशाची चौकशी करीत नव्हते. मंगळवारी सकाळी त्यांच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. औरादेहून कधी बैलगाडीनं, कधी पायी आलेली. श्रीमंतची आणि नागूबाईची आई, सत्यभामाबाई.

"अमीनसाहेब, एक लेक गेली," ती म्हणाली. "आता दुसऱ्या लेकाला गुलबर्ग्याला नेऊन कोर्टात उभा करायलेत. शुक्रवारी नेतेत म्हनं."

"बाई, मी आता कुणी नाही. चौकीत अमीन आहेत, त्यांना भेटा."

"भेटले. ते म्हनले, तुजा पोरगाच कबूल करायलाय, आमी काय करावं?"

हणमंतरावांचा चुन्याचा हात थांबला. तीस वर्षांत त्यांनी न केलेलं कबूल करणारी माणसं पाहिली होती, पण ती मार खाऊन. या पोराला कुणी बोटही लावलं नव्हतं असं म्हातारीच सांगत होती.

"मग कबूल कामून करायलाय?" त्यांनी विचारलं.

"त्येच तर इचारा की त्याला!"

२

आधी ते जळालेल्या जिनात गेले. आरोपीकडे आधी जायचं नाही, आधी जागा बघायची, ही त्यांची जुनी खोड.

राखणदार जगदेवप्पा काळ्या भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. विहिरीवरून एकट्यानं पाणी आणता आणता त्याचे हात सोलले होते.

"घंटी कुणी दिली, जगदेवप्पा? तू?"

"मी न्हाई रावसाहेब. मी पान्याला पळालो. नागूअक्का दिली."

"नागूबाई? ती तर आत अडकली होती म्हणतात."

"अडकली पाच जनी. मागच्या खोलीत झोपल्या हुत्या, दाराम्होरंच आग. नागूअक्का भायेर हुती, दमा हाय म्हून वसरीला झोपायची." त्यानं डोळे पुसायला हात उचलला आणि चिंध्या बघून खाली ठेवला. "फोनच्या खोलीत ग्येली, घंटी दिली. लई येळ दिली. कुनी उचलंना. धूर आला म्हून मीच तिला वढून भायेर काढलो."

"बाहेर काढलंस? मग मेली कशी?"

"परत ग्येली. म्या म्हनलो, अक्का, नगं. ती म्हनली, माजा भाऊ रोज रात्री तितंच बसतोय, पानी प्यायाला उठला आसंल, आता आला आसंल. दुसऱ्यांदा घंटी वाजवाया लागली. मग वरचं छत आलं."

हणमंतरावांनी कोसळलेल्या छताकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "दोनदा घंटी दिली, हे तू चौकीत सांगितलंस?"

"इचारलं कोन? घंटी दिली का, म्हनले. व्हय, म्हनलो. लिवून घेतले."

म्हणजे नागूबाई सुटली होती, आणि भावावरच्या भरवशानं पुन्हा आगीत शिरली होती. हे श्रीमंतला ठाऊक असेल का, हा विचार करीतच हणमंतराव चौकीकडे निघाले.

३

ठाऊक नव्हतं. कोठडीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या श्रीमंतला बहीण गेली एवढंच माहीत होतं. हणमंतरावांनी बाकीचं सांगितलं नाही. त्यांच्यानं सांगवलं नाही, हेच खरं.

"गुरुवारी कुठं होतास?"

"गाणगापूरला. दत्ताच्या दर्शनाला."

"पाळी टाकून?"

"माजी पाळी जुम्म्याच्या रातीपासून हुती साहेब. मी येनारच हुतो."

"अरे, सगळे म्हणतात ती रात्र तुझीच होती! मग आला का नाहीस?"

श्रीमंतनं मान वर केली. डोळे सुजून लाल झाले होते. "आलो की. गाडीतनं उतरलो तवा पोलीस उभे हुते."

हणमंतराव चिडले. पोरगा वेडा तरी झाला होता, नाहीतर वेड पांघरत होता. "चौकीत तू कबूल काय केलंयस?"

"मी मारलो तिला."

"कसं?"

श्रीमंतनं पुन्हा गुडघ्यांत डोकं घातलं. हणमंतरावांनी दटावलं, समजावलं, आई बाहेर बसलीय म्हणून सांगितलं. आईचं नाव निघाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि पुन्हा बोलला नाही.

चौकीतले अमीन बाहेर विडी ओढत होते. ते म्हणाले, "काय राहिलंय यात? नव्या पाळ्या आल्यापासून पोरगा चिडलेला. ज्यादा तासांचा भत्ता गेला ना त्याचा! चारचौघांत म्हणाला होता, आता फोन वाजला तर साहेबालाच उचलाया सांगा."

"पण स्वतःची बहीण तिथं झोपत असताना?"

अमीनांनी विडी विझवली. "राग आंधळा असतो, हणमंतराव."

४

नव्या पाळ्यांची गोष्ट अशी. पूर्वी फोनवाले दोनच होते. दिवसा सिद्धप्पा, रात्री श्रीमंत. बारा बारा तास बसायचे, कधी एकाला उशीर झाला तर दुसरा तसाच पुढं बसायचा, आणि त्या ज्यादा तासांचा भत्ता महिन्याकाठी फुगत जायचा. हैदराबादेहून इनायत हुसेन साहेब बंबखान्यावर आले, आणि भत्त्याचा आकडा बघून त्यांनी कपाळावर हात मारला. साहेब वाईट नव्हते. झोपेनं डुलणारा माणूस फोनवर काय कामाचा, असंही ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी महबूब अली नावाचा तिसरा माणूस घेतला आणि पाळ्या फिरत्या केल्या: एक दिवसा, एक रात्री, तिसरा मोकळा. वर कडक नियम केला: पाळी संपल्याची घंटा झाली की उठायचं. पुढचा आला नाही तरी बसायचं नाही. आपली पाळी नसेल तर फोनला हात लावायचा नाही, लावला तर पगार कापला.

हुकूम उर्दूत होता. दफ्तरातल्या पेशकार भगवानरावांनी तो तिघांना उभं करून मराठीत वाचून दाखवला होता.

"काय वाचून दाखवलंत?" हणमंतरावांनी विचारलं.

भगवानराव चष्मा पुसत म्हणाले, "जे होतं तेच. पहिल्यांदा रात महबूबची, आणि जुम्म्याच्या रातीपासून श्रीमंतची. तिघांनी मान डोलावली. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही मी."

माणूस सरळ होता. दफ्तरात जन्म घालवलेला, उर्दू लिहिता लिहिता मराठीत जांभई देणारा.

म्हणजे गुरुवारची रात्र महबूबचीच, असा हिशेब करत हणमंतराव निघाले. महबूब अली चाळीत भेटला. हात जोडून उभा राहिला आणि आपणहोऊन रडायला लागला. "साब, नागूअक्का मेरेकू भाकर देती थी. मैं कायकू पाळी छोडता? मेरी पाळी खतम हुई थी."

"त्या रात्री कुठं होतास?"

"दर्गे में साब. जुम्मे की रात थी ना. हर जुम्मे की रातकू जाताऊं, मुजावरकू पूछो."

हणमंतरावांचे कान टवकारले. आग गुरुवारी रात्री लागली होती, आणि हा पठ्ठ्या शुक्रवारच्या रात्रीचा दाखला देत होता. गुरुवारचं काय? पूर्वी अशा फटीत त्यांनी कितीतरी चोर पकडले होते. त्यांनी वरवर "बरं बरं" म्हटलं आणि मनात गाठ मारली, की हा खोटं बोलतोय.

५

सिद्धप्पा सगळ्यांत जुना फोनवाला. बायको पटकीत गेली, पोरबाळ नाही, म्हणून बंबखान्याच्या मागच्या पडवीतच वळकटी टाकून राहायचा. श्रीमंतला फोनचं काम त्यानंच शिकवलं होतं. नागूबाई सणाला पोळी घेऊन यायची ती दोघांसाठी.

"संध्याकाळी पाळी संपली तवा श्रीमंत आला नव्हता," तो हळू आवाजात म्हणाला. "घंटा झाली, मी उठलो. हुकूमच तसा हाय. आदल्या आठवड्यात महबूबला उशीर झाला म्हून मी बसून ऱ्हायलो, फोनबी उचललो, तर माजा पगार कापले. पेशकारानं सगळ्यांदेखत वाचून दाखवलं."

"मग उठून गेलास कुठं?"

"मठात. भजन हुतं. रातभर तितंच."

"मठ तर गावाच्या दुसऱ्या टोकाला."

"व्हय. कायच कळलं न्हाई मला. सकाळी आलो तर..." तो वळकटीची दोरी सोडू-बांधू लागला. "कसं वाटलं आसंल हो घंटी देनाऱ्याला? एकदा वाजून गप झाली, परत वाजली, तरी कुनी उचलंना. कसं वाटलं आसंल?"

हणमंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. मैदान अर्धं ओलांडल्यावर ते जागीच थांबले. एकदा वाजून गप झाली, परत वाजली. हे जगदेवप्पानं फक्त त्यांना सांगितलं होतं. जगदेवप्पा जिनातून हलला नव्हता, आणि सिद्धप्पा तिकडे फिरकला नव्हता.

आता त्यांच्यापुढं दोन खोटी माणसं होती. एक शुक्रवारचा दाखला देणारा, एक मठात बसून घंटी ऐकणारा. आणि तिसरा, जो खोटं न बोलता फासात मान घालत होता. हाती उरला होता एक दिवस.

६

गुरुवारी दुपारी हणमंतराव पडवीत येरझारा घालत होते. पायरीवर सत्यभामाबाई बसलेलीच होती. तिनं काही विचारायचं सोडून दिलं होतं, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

तेवढ्यात महबूब आला. हातात उदबत्त्यांचा पुडा.

"साब, आज शामकू दर्गेकू आव. नागूअक्काके नामकी फातेहा देताऊं. अम्माकू भी लाव."

"आज?" हणमंतराव वैतागून म्हणाले. "तू तर जुम्म्याच्या रात्री जातोस ना? आज गुरुवार आहे."

"हौ साब. आजच जुम्मे की रात."

"अरे, जुम्मा उद्या!"

महबूब त्यांच्याकडे बघत राहिला, लहान मुलाला समजवावं तसं बोलला. "कल जुम्मा, तो आज जुम्मे की रात. रात पैले आती साब, दिन बादमें. मगरिब हुई की जुम्मा लग्या."

हणमंतराव पायरीवर म्हातारीशेजारी बसले.

आपल्यात शुक्रवारची रात्र शुक्रवारचा दिवस मावळल्यावर येते. त्यांच्यात दिवस सूर्य बुडताना सुरू होतो, म्हणून शुक्रवारची रात्र गुरुवारीच येते. जन्मभर हणमंतराव गुरुवारच्या बाजाराला जुमेरातचा बाजार म्हणत आले होते. जुमेरात, म्हणजे जुम्म्याची रात! शब्द रोज तोंडात होता आणि त्यात काय आहे ते एकदाही बघितलं नव्हतं. चौकीच्या रोजनाम्यात तारीख लिहायची असते, रात्र कुणाची ते कोण विचारतो?

ते तसेच बंबखान्यात गेले. "भगवानराव, साहेबांच्या हुकुमात मूळ शब्द काय होता?"

"शबे-जुमा."

"त्याचा अर्थ?"

"गुरुवारची रात्र. म्हणजे... जुम्म्याची रात." आपलेच दोन शब्द शेजारी शेजारी ऐकून भगवानरावांचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा. मी मराठीत म्हणालो. मी त्या पोराला मराठीत जुम्म्याची रात म्हणालो."

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, आणि ते खरंही होतं. साहेबांनी गुरुवार लिहिला. भगवानरावांनी गुरुवार वाचला, बंबखान्यात मुरलेल्या सिद्धप्पानंही गुरुवारच धरला. महबूबनं गुरुवार ऐकला आणि आपली पाळी संपली म्हणून दर्ग्याला गेला. औरादच्या श्रीमंतनं शुक्रवार ऐकला आणि गुरुवार मोकळा मिळाला म्हणून दत्ताला गेला. कुणी खोटं बोललं नव्हतं. नव्या पाळ्यांतली ती पहिलीच बदलीची रात्र होती, आणि एका शब्दाच्या दोन अर्थांमधून ती खाली पडली.

राहिला सिद्धप्पा.

७

तो मागच्या पडवीत वळकटीवर बसला होता. हणमंतराव समोर उकिडवे बसले.

"सिद्धप्पा, मठात घंटी ऐकू येते का रे?"

त्यानं वर बघितलं नाही.

"ती दोनदा वाजली हे तुला कुणी सांगितलं?"

मग सिद्धप्पा बोलायला लागला. "भजनाला गेलोच न्हाई. हितंच पडलो हुतो. घंटी वाजली. मला वाटलं श्रीमंत उशिरा का हुईना, आला आसंल, उचलंल. वाजायली, वाजायली. मी उठून दारापतुर गेलो साहेब. कडीला हात लावलो. मग पेशकाराचा आवाज आटवला, सगळ्यांदेखत वाचलेला. घंटी गप झाली. म्हनलो, बरं झालं, उचलला. माघारी येऊन पडलो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा कानावर चादर घेतलो."

हणमंतरावांना त्याला मारावंसं वाटलं आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"मला चौकीत न्या," सिद्धप्पा म्हणाला.

"कशासाठी? तू हुकूम मोडला नाहीस. हुकूम पाळलास त्याला कलम नाही."

संध्याकाळी इनायत हुसेन साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "या अल्ला," एवढंच दोनदा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, यात खोटं काही नव्हतं. मग त्यांनी श्रीमंतला सोडण्याची चिठ्ठी चौकीला दिली आणि हुकुमात शबे-जुमा खोडून जुमेरात लिहिलं.

"आणि फोनला हात न लावण्याचा नियम?" हणमंतरावांनी विचारलं.

साहेब ओशाळले. नियमानं खर्च खरोखरच खाली आला होता, हैदराबादेहून शाबासकी आली होती. "वह तो ऊपर से मंजूर हो चुका है, हणमंतराव साब."

शुक्रवारी सकाळी, गुलबर्ग्याला न्यायच्या ऐवजी शिपायानं कोठडीचं दार उघडलं. सत्यभामाबाई फाटकात उभी होती. सिद्धप्पाही आला होता, लांब, लिंबाच्या झाडाखाली.

हणमंतरावांनी श्रीमंतला तो शब्द समजावून सांगितला. त्यानं नीट ऐकलं. मग म्हणाला, "ते खरं आसंल साहेब. पर माजा गुन्हा ह्यो न्हवं."

"मग कोणता?"

"नव्या पाळ्यांचं मी तिला सांगितलोच न्हाई. भत्ता गेला कळलं तर ती दम्याची बाई आजून कुठंतरी कामाला गेली आसती, मला पैशे द्याया. म्हून म्हनलो, मी रोज रातीला बसतोय, पैल्यावानीच. तिला वाटत हुतं मी तितंच हाय." त्यानं हणमंतरावांच्या तोंडाकडे बघितलं. "साहेब, घंटी कोन दिली? जगदेवप्पा न्हवं ना?"

हणमंतरावांनी तीस वर्षांत पुष्कळांना खोटं सांगितलं होतं. आज एक खोटं सांगायला मिळालं असतं तर सोनं झालं असतं. पण त्यांच्या आधी सिद्धप्पा पुढं आला. चालताना तो म्हाताऱ्यासारखा वाकला होता.

"श्रीमंता, नागू दिली. मी हुतो तितं. मागं. मी आयकलो. दोनदा."

हणमंतराव मध्ये पडायच्या तयारीनं सरसावले. श्रीमंत हलला नाही.

"मग उठला कामून न्हाईस, अण्णा?"

"वाटलं तू हाईस. तुजीच पाळी."

"तिलाबी तसंच वाटलं," श्रीमंत म्हणाला.

तो वळला. आईकडे नाही, आई हात पसरून उभी होती तिकडे त्यानं बघितलंही नाही. उघड्या दारातून तो पुन्हा कोठडीत गेला आणि आपल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. म्हातारीनं "श्रीमंता" म्हणून हाक मारली. हणमंतरावांनी मारली. शेवटी चौकीतले अमीन आले आणि दारातल्या शिपायावर खेकसले. गुन्हा नसलेल्या माणसाला आत ठेवायचा हुकूम नव्हता. शिपायानं श्रीमंतला दंडाला धरून ओढत बाहेर आणला आणि कोठडीला कुलूप घातलं.